आप्पांची भुंग्याची पेटी

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत मी बावीस वर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. लग्नाआधी पुण्याच्या एका रेडिओच्या कारखान्यात वाइंडिंगच्या म्हणजे तार गुंडाळायच्या खात्यात होते, तिथं हात बसला. लग्न झालं, नोकरी सुटली, पण हाताची सवय सुटेना. मग लाकडाचा एक चरखा करून घेतला आणि घरीच काम सुरू केलं. जळालेला ट्रान्सफॉर्मर यायचा, त्याची तार उलगडून वेढे मोजायचे आणि नवी तार तितकीच गुंडाळायची. हळूहळू रेडिओ आले, अ‍ॅम्प्लिफायर आले. दारात आलेलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मिस्तरी कुठायत?" आमचे यजमान लोको शेडमध्ये फिटर. ते बाजेवर पडल्या पडल्या माझ्याकडं बोट दाखवायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. एक तिकीट तपासनीस तर मी त्यांचा रेडिओ उघडला तेव्हा दीड तास समोर बसून राहिले, एकही स्क्रू हरवू नये म्हणून. रेडिओ बोलायला लागला तेव्हा म्हणाले, "नवऱ्यानं चांगलं शिकवलंय तुम्हाला." यजमानांना तेव्हा फ्यूजची तारसुद्धा घालता येत नव्हती.

बरीच कामं विसरले. एक काम मात्र असं आहे की आजही त्याच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो, असं मुली म्हणतात. ते काम म्हणजे आप्पांची पेटी.

आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. सगळी हयात वरवंडच्या बाजूला रस्त्याच्या गँगवर मुकादम म्हणून गेली, मग गावी येऊन राहिले. आमचं माहेर शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठाला, इनामगावापासून फार लांब नाही. सत्तरच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. गावात वीज आली होती, पण खांब चावडीपाशी थांबले होते. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, तिथवर तार आलीच नव्हती. त्यामुळं चौदा एप्रिलची आमची जयंती आली की लाउडस्पीकरची अडचण. गावात एकाचा सेट होता, तो दरवर्षी काहीतरी कारण सांगायचा. शेवटी आप्पांनी वस्तीतल्या घराघरातून गोळा करून स्वतःचा सेट आणला. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या दिव्यासारख्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, आणि बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर चालावा म्हणून एक लोखंडी पेटी. पेटी सुरू केली की आतून बारीक गुणगुण यायची, म्हणून वस्तीत तिचं नाव पडलं भुंग्याची पेटी.

ही पेटी काय करते ते सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. बॅटरीत असतात बारा व्होल्ट. व्हॉल्व्हना लागतात तीनशे. व्होल्ट वाढवायचे तर ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आणि ट्रान्सफॉर्मरला बॅटरीची सरळ वाहणारी वीज चालत नाही. त्याला वीज हेलकावत लागते, एकदा इकडून, एकदा तिकडून. लाकूड कापायची दोन माणसांची करवत असते ना, एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, तसं. पेटीत दोन ट्रान्झिस्टर ती करवत ओढतात, सेकंदाला कितीतरी शे वेळा. त्याचीच ती गुणगुण. एकानं ओढताना दुसऱ्यानं पूर्ण सोडलं पाहिजे, एवढीच अट. आज तुमच्या खिशातल्या फोनच्या चार्जरमध्येही हेच चालतं, फक्त इतकं जलद की कानाला ऐकू येत नाही.

सेट आणला त्या पहिल्याच जयंतीला पेटीनं दगा दिला. दुपारी मिरवणूक निघाली, चावडीसमोर आली आणि भोंगा मुका झाला. चावडीच्या पायरीवरून कोणीतरी म्हणालं, "बंद पडला व्हय? आता हातानंच वाजवा." लोक हसले. घोषणा देत मिरवणूक तशीच पुढं गेली. पण त्या दिवसापासून आप्पांच्या डोक्यात एकच, पुढच्या वर्षी भोंगा चावडीसमोर बंद पडता कामा नये.

पुढच्या वर्षी फाल्गुनात ते पेटी गोणपाटात बांधून एसटीनं दौंडला आले. मी पेटी उघडली, सोल्डरचा एक टाका सुटलेला दिसला, तो लावला. सकाळी माझ्याकडच्या बॅटरीवर दोन तास चालवून पाहिली. छान चालली. आप्पा खूश होऊन गेले आणि आठ दिवसांनी पेटी घेऊन परत आले. लग्नाच्या दुपारच्या वरातीत अर्ध्या तासात बंद. मी पुन्हा सगळं तपासलं, एक ट्रान्झिस्टर संशयित वाटला तो बदलला, पुन्हा दोन तास चालवली. उत्तम. तिसऱ्यांदा आप्पा दारात उभे राहिले तेव्हा जयंतीला पंधरा दिवस उरले होते. आणि तेव्हा मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते.

मी म्हणाले, "आप्पा, माझ्याकडं चालते आणि तुमच्याकडं बंद पडते, म्हणजे तुम्हीच बॅटरीच्या तारा उलट्या जोडताय."

आप्पांनी पेटी खाली ठेवली. तेवढं ओझं स्टँडपासून खांद्यावर आणलं होतं, शर्टाचा खांदा घामानं काळा झाला होता. ते म्हणाले, "न्हाई जोडत गं. म्या लाल तारेला चिंधी बांधलीय, अंधारात बी चुकायची न्हाई." एवढंच. चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. पेटीच्या लाल तारेवर खरंच एक चिंधी होती, सुतळीनं आवळून बांधलेली.

त्या चिंधीनं मला झोपू दिलं नाही. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्यभर डांबर आणि खडी वाहिलेला, त्यानं एका तारेची इतकी काळजी घेतली होती, आणि मी न बघताच दोष त्याच्या माथी मारला होता. कारखान्यात आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या की बिघाड सापडेना झाला की कारागीर गिऱ्हाइकाला दोष देतो. मी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पेटी चालू ठेवूनच घरकाम करायला लागले. दोन बल्ब एकापाठोपाठ जोडून त्यांचा भार दिला होता. माझी कामाची खोली उत्तरेची, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात माठ. पेटी तिथं तासन् तास गुणगुणत राही. तिसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, टेबल रिकामं हवं होतं, म्हणून पेटी बॅटरी-बल्बांसकट तशीच चालू उचलून स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या कट्ट्यावर ठेवली आणि भाकरी थापायला बसले. चौथी भाकरी तव्यावर होती. भुंग्याचा सूर उतरला.

तो थोडासाच उतरला होता. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. पण वाइंडिंग खात्यात चार वर्षं काढलेल्या बाईचे कान वेगळे असतात. मी पिठाच्या हातांनी पेटीकडं वळले, सूर आणखी खाली आला, बल्ब मिणमिणले आणि खट्कन फ्यूज उडाला. भाकरी करपली. मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते. चांगली चालणारी वस्तू बंद पडली म्हणून माणसाला इतका आनंद होतो, हे आमच्या धंद्याबाहेरच्या कोणाला पटणार नाही.

उष्णता. पेटी माझ्याकडं चालायची कारण माझ्याकडं फरशी होती, माठ होता, सकाळ होती. आप्पांकडं ती बैलगाडीत, उन्हात, लोखंडाच्या बंद डब्यात, दुपारी बारा वाजता चालायची. शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पेटी न्हाणीच्या पत्र्यावर ठेवली. यजमानांना सुट्टी होती, त्यांना घड्याळ धरून शिडीवर उभं केलं. अठराव्या मिनिटाला बंद पडली. फ्यूज बदलला, सावलीत थंड केली, पुन्हा पत्र्यावर. सतराव्या मिनिटाला बंद. यजमान म्हणाले, बंद पडण्यात एवढी वक्तशीर तर आमची पॅसेंजरसुद्धा नाही.

पेटीतले दोन्ही ट्रान्झिस्टर जर्मेनियम जातीचे होते. तापले की ते गळतात, म्हणजे बंद असतानाही त्यांच्यातून थोडी वीज झिरपत राहते. ज्यानं करवत सैल सोडायची तो थोडी धरूनच ठेवतो, मग दोघंही ओढायला लागतात, त्यानं आणखी तापतात, तापले की आणखी गळतात, आणि शेवटी फ्यूज. बिघाड एखाद्या टाक्यात नव्हता, तो पेटीच्या घडणीतच होता. म्हणजे दुरुस्ती करून भागणार नव्हतं, पेटी सुधारावी लागणार होती. आणि हातात होते दहा दिवस.

आमच्या ओळीच्या टोकाला डिसोजा नावाचे एक म्हातारे साहेब राहायचे, रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरभर सिगारेटच्या डब्यांत सुटे भाग भरून ठेवायचे. त्यांच्याकडं मी आधी कधी गेले नव्हते. पेटी घेऊन गेले, पत्र्यावरचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर उठले, एक डबा उघडला आणि कापसात गुंडाळलेले दोन मोठे सिलिकॉन ट्रान्झिस्टर माझ्या हातावर ठेवले. त्या काळी ते दौंडमध्ये दुसरीकडं कुठं मिळाले नसते. सिलिकॉन उन्हाला दाद देत नाही. पण साहेबांनी बोट वर केलं.

"बाई, हा सिलिकॉन आळशी. त्याला उठायला धक्का जास्त मांगता. तुझा जुना ट्रान्सफॉर्मर एवढा धक्का देणार नाही."

म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळायचा. साहेब जरा काळजीनं बघत होते. मला मात्र उड्या माराव्याशा वाटत होत्या. सगळं गणित फिरून माझ्या अंगणात आलं होतं. जगातलं दुसरं कुठलंही काम मला तितकं येत नव्हतं जितकं हे येत होतं.

ते दिवस मी विसरणार नाही. सकाळी यजमानांचा डबा भरला की मी चरख्यापाशी. जुनी तार उलगडताना प्रत्येक दहा वेढ्यांना एक चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा. दोन ट्रान्झिस्टरचे दोन वाटे अगदी सारखे हवेत, म्हणून दोन तारा बोटांत शेजारी शेजारी धरून एकदमच गुंडाळल्या. धक्का देणारे वेढे डिसोजासाहेबांनी हिशेब करून दिले तसे वाढवले. मग व्हार्निश लावून ट्रान्सफॉर्मर उन्हात वाळत घातला, पापडांच्या शेजारी. ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर फेकायला जाड अ‍ॅल्युमिनियम हवं होतं. यजमानांनी भंगारवाल्याकडून एक पत्रा आणला आणि कानशीनं घासून त्याला पाती केली, एखाद्या कारखान्यातून आल्यासारखी. ट्रान्झिस्टर आणि पत्रा यांच्यामध्ये अभ्रकाची चकती लागते, उष्णता जाते पण वीज जात नाही. अभ्रक कुठून आणायचं? इस्त्रीत असतं. मी घरातली चालती इस्त्री फोडली. आठवडाभर यजमान चुरगळलेल्या शर्टानं शेडमध्ये गेले आणि कोणी विचारलं तर इस्त्री आजारी आहे म्हणून सांगत राहिले.

पेटीला खालीवर भोकं पाडली, वारा खेळावा म्हणून. आणि आणखी एक गोष्ट केली. तारा कोणी कधी उलट्या जोडल्याच तर फक्त फ्यूज जाईल, बाकी काही जळणार नाही, असा एक डायोड बसवला. आप्पांसाठी नाही. आप्पा चुकणार नव्हते. त्यांच्यामागून जे कोणी पेटी हाताळतील त्यांच्यासाठी.

जयंतीला तीन दिवस होते तेव्हा सगळं जोडून झालं. डिसोजासाहेब काठी टेकत आमच्याकडं आले. मी बॅटरी जोडली. काहीच नाही. ना गुणगुण, ना उजेड. दोनदा, तीनदा. मी खाली बसले. आठवडाभराची मेहनत, फोडलेली इस्त्री, आणि आप्पांना आता काय तोंड दाखवायचं. साहेबांनी वाकून ट्रान्सफॉर्मरकडं पाहिलं आणि विचारलं, धक्क्याच्या तारेची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला?

मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दोन टोकांची अदलाबदल झाली होती. ज्याला उठवायचं त्याला मी दाबून बसवत होते. कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मी चुकले होते. टोकं उलटी करून टाके लावले, बॅटरी जोडली, आणि पेटी गायला लागली. जुन्यापेक्षा वरचा सूर, स्वच्छ, न थरथरता. बल्ब असे पेटले की साहेबांनी चष्म्यावर हात धरला. मी त्यांच्या पाया पडले. ते गडबडून गेले, म्हणाले, "अरे, वो तो तुमने किया।"

दुसऱ्या दिवशी पेटी सकाळी दहा ते दुपारी चार पत्र्यावर चालली. एकदाही सूर हलला नाही. दर अर्ध्या तासानं यजमान शिडीवर चढून पात्यांवर हात ठेवत आणि वरून सांगत, हात ठेवता येतोय.

जयंतीला आम्ही दोघं पेटी मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. फाट्यावर आप्पा बैलगाडी घेऊन उभे होते. मी आधी तेच बोलले जे पंधरा दिवस घशाशी होतं. आप्पा, तारा तुम्ही बरोबरच जोडत होता, पेटीच उन्हाला टिकणारी नव्हती, मी उगाच तुम्हाला बोलले. आप्पांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "मला ठाव हुतं. तुला ठाव व्हायला येळ लागला, येवढंच."

दुपारी बारानंतर मिरवणूक निघाली. ऊन असं की गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला हात लावता येत नव्हता. मी पेटीशेजारी बसले होते. भोंग्यातून गाणी, घोषणा, सगळं चाललं होतं, पण मला फक्त ती गुणगुण ऐकू येत होती. चावडी दिसायला लागली तेव्हा मी वाकून कान पेटीजवळ नेला. चावडीच्या पायरीवर माणसं बसलेली. आप्पांनी बैल थांबवले. तिथंच, मुद्दाम. पंधरा-वीस मिनिटं गाडी चावडीसमोर उभी होती आणि भोंगा एकदाही अडखळला नाही. पायरीवरचा एक म्हातारा उठून गाडीपाशी आला, पेटीच्या पात्यांवर हात ठेवून बघितला आणि मान हलवून परत गेला.

नदीकाठी सभा होती. भाषणं झाली आणि आप्पांनी एकदम माइक माझ्यापुढं धरला. मी तोवर कितीतरी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले होते, पण माइकसमोर फक्त एक-दोन-तीन एवढंच म्हटलं होतं. काय बोलायचं कळेना, म्हणून पेटीचंच बोलले. करवतीचं सांगितलं, ट्रान्झिस्टर उन्हात गळतात ते सांगितलं, चिंचोके, अभ्रक, चुकलेली टोकं. माझी इस्त्री कशी गेली ते सांगितलं तेव्हा बायका खळखळून हसल्या. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मध्येच विचारलं, "म्हंजी एक झोपतो तवाच दुसरा उठतो व्हय?" मी म्हटलं, व्हय मावशी, अगदी तेच. त्यांनी शेजारणीला वळून तेच पुन्हा समजावलं, आणि मला वाटलं, कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंनीसुद्धा इतकं नेमकं सांगितलं नसतं.

बोलता बोलता एका वाक्यानंतर मी श्वास घ्यायला थांबले, आणि घोडनदीच्या पलीकडच्या दरडीवर आपटून माझा आवाज परत आला. इतका मोठा, इतका स्पष्ट. तो आवाज आपलाच आहे हे कळायला मला एक क्षण लागला, आणि कळलं तशी मी बोलायची थांबलेच. सगळे माझ्याकडं बघत होते. यजमान गर्दीच्या मागं उभे होते, चुरगळलेल्या शर्टात. आप्पा गाडीच्या जुवावर टेकले होते, त्यांनी एक हात पेटीवर ठेवला आणि मला हळूच म्हणाले,

"बोल की. बॅटरी हाय अजून."